रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायचंय? मग कॉलेजच्या आधी आयसीयू बघा

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी. नीटमध्ये एमबीबीएसचं जमेल असं वाटत नाही. आजीला धाप लागून नाशिकला ॲडमिट केलं होतं, तेव्हा तिला बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावणारी ताई या मुलीने पाहिली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात रेस्पिरेटरी थेरपिस्ट होण्याचंच घेतलंय. वडिलांना तीन गोष्टी हव्यात: हे नर्सिंगपेक्षा वेगळं काय, नाशिकमध्ये शिकता येतं का, आणि पुढे नोकरीचं काय.

तिने पाहिलं ते काम नेमकं काय होतं ते आधी सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की मास्क बांधला, बटण दाबलं, झालं.

धाप लागलेली आजी येते तेव्हा हाताच्या नाडीतून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी करतात. समजा रिपोर्ट आला: पीएच 7.28, कार्बन डायऑक्साइड 68, बायकार्बोनेट 31. नॉर्मल पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26. शिकलेल्या माणसाला या तीन आकड्यांत आजीचा पूर्वेतिहास दिसतो. बायकार्बोनेट वाढलंय म्हणजे हा कार्बन डायऑक्साइड काल-परवाचा नाही, बराच काळ साठत आलाय आणि किडनीने तो सांभाळून घेतलाय. तरीही पीएच खाली गेलाय, म्हणजे जुन्या दुखण्यावर काहीतरी नवीन आलंय. नाशिकच्या थंडीत निफाडचा पारा खाली उतरला की असे पेशंट एकामागून एक येतात. यातल्या कितीतरी बायका आयुष्यात बिडी-सिगारेटला शिवलेल्या नसतात, पण चुलीपुढे बसून त्यांची हयात गेलेली असते.

आता या आजीला नातेवाईक म्हणतात म्हणून ऑक्सिजन फुल सोडला तर सॅच्युरेशन 99 दिसेल, घरचे खूश होतील आणि कार्बन डायऑक्साइड आणखी साठून आजी हळूहळू गुंगीत जाईल. तिच्यासाठी 88 ते 92 पुरे असतं. तिची खरी गरज बायपॅपची. श्वास आत घेताना जास्त दाब, सोडताना कमी. सुरुवात साधारण 10 आणि 5 ने करायची आणि मग तिच्याकडे बघत बघत वाढवायची. मास्क नाकाच्या हाडाला काचतो का, डोळ्यांत हवा जाते का, तिचा श्वास आणि मशीनचा श्वास जुळतोय का, हे सगळं बघायला पहिला अर्धा-पाऊण तास तिथेच उभं राहावं लागतं. आजी मास्क ओढून काढते, तिला वाटतं गुदमरवतायत. तिचा हात धरून "आजी, नाकाने घ्या, मशीनशी भांडू नका" असं दहा वेळा सांगायचं. तासा-दोन तासांनी पुन्हा एबीजी. पीएच वर आला तर आजी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर जाण्यापासून वाचली. नाही आला तर इंटेन्सिव्हिस्टला, म्हणजे आयसीयूच्या डॉक्टरांना, वेळेत सांगायचं, कारण उशिरा टाकलेली ट्यूब फार महागात पडते.

नर्सिंगपेक्षा वेगळं काय, तर हे. सिस्टरकडे त्या पेशंटचं सगळंच असतं: औषधं, सलाइन, लघवीचं मोजमाप, पाठीच्या जखमा, नातेवाईक. रेस्पिरेटरी थेरपिस्टकडे फक्त श्वास असतो, पण आयसीयूतल्या सगळ्या पेशंटचा. ऑर्डर डॉक्टरांचीच. पण व्हेंटच्या, म्हणजे व्हेंटिलेटरच्या, सेटिंगविषयी काय वाटतं हे डॉक्टर ज्याला विचारतात, ती जागा तिला कमवायची आहे, आणि ती सर्टिफिकेटने मिळत नाही.

यात मशीन शिकणं हा तुलनेने सोपा भाग. कंपनीगणिक मोडची, म्हणजे श्वास देण्याच्या पद्धतींची, नावं वेगळी असतात, पण एक नीट समजलं की दुसरं दोन-चार ड्युट्यांत हाताला बसतं. अवघड आहे ते पेशंट वाचणं. एक उदाहरण देते, कारण मुलाखतीला आलेल्या नव्या मुलांना मी हेच विचारते. न्यूमोनिया बिघडून फुप्फुसं कडक झालेली बाई, वजन 72 किलो, उंची 152 सेंटिमीटर. एका श्वासाला किती हवा द्याल? किलोला 6 मिलिलिटर हे पाठ असतं, म्हणून मुलं पटकन 430 सांगतात. चूक. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही, ते उंचीवर ठरतं. बाईसाठी हिशेब असा: उंचीतून 152.4 वजा करायचे, उरेल त्याला 0.91 ने गुणायचं आणि 45.5 मिळवायचे. या बाईचं हिशेबाचं वजन येतं साधारण 45 किलो, आणि श्वास येतो 270 मिलिलिटर. 430 आणि 270 यात दीडपटीहून जास्त फरक आहे आणि तो प्रत्येक श्वासाला, दिवसरात्र, त्या कडक फुप्फुसावर पडत राहतो. अमेरिकेत 2000 साली या विषयावरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात किलोला 12 ऐवजी 6 मिलिलिटर दिल्यावर मृत्यूचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त श्वास लहान केला. म्हणून माझ्या ॲप्रनच्या खिशात स्टेथोस्कोपबरोबर शिंप्याची टेप असते. झोपलेल्या पेशंटची उंची अंदाजाने लिहिलेली मला चालत नाही.

कोर्सचं स्वरूप सांगायचं तर पूर्ण डिग्री चार वर्षांची असते, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी. हे सगळं नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या मुलांसारखंच. पुढे वायूंचं फिजिक्स, ऑक्सिजनची उपकरणं, श्वासाची औषधं, छातीचे आजार, एक्स-रे, एबीजी. मग व्हेंटिलेटर, लहान मुलं आणि नवजात बाळं, पीएफटी म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, झोपेतल्या श्वासाचे आजार, पुनर्वसन. बारावीला फिजिक्स टाळत आलेली मुलं इथे अडखळतात. दाब, प्रवाह, आकारमान, अडथळा यांचा संबंध एकदा डोक्यात बसला की व्हेंटच्या स्क्रीनवरचे आलेख बोलू लागतात. नाही बसला तर चार वर्षं पाठांतर.

यातलं सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं कौशल्य म्हणजे बॅगिंग, हाताने पिशवी दाबून श्वास देणं. तिला सांगा, ते नीट शिकून घे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा श्वास बंद पडलेल्या पेशंटना पुरतील एवढी यंत्रंच नव्हती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबण्याची युक्ती काढली आणि सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं. आजही व्हेंट अचानक बंद पडलं, अलार्म कळेना, सॅच्युरेशन घसरायला लागलं, की पहिला नियम तोच: पेशंट मशीनवरून काढा, बॅगिंग सुरू करा, मग शोधा काय झालं ते. पिशवी दाबताना हाताला लागतं की नळीत कफ अडकलाय, फुप्फुस कडक झालंय की कुठे हवा गळतेय. दम्याच्या पेशंटमध्ये तर याच्या उलट करावं लागतं. त्याला श्वास सोडायला वेळच मिळत नसतो, आत हवा साठत जाते, छाती फुगून राहते, बीपी पडतं. घाबरून जोरात बॅगिंग केलं तर तो जातो. नळी मशीनपासून सोडवायची, काही सेकंद थांबायचं, छातीवर हलकेच दाब द्यायचा. फुस्स करून हवा बाहेर येते आणि बीपी वर येतं. हे पुस्तकात दोन ओळींत आहे. डोळ्यांनी एकदा बघितलं की विसरत नाही.

म्हणूनच कॉलेज निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बघू नका, त्या कॉलेजच्या हॉस्पिटलचं आयसीयू बघा. किती बेड, त्यांतले व्हेंटिलेटरवर साधारण किती, नवजात बाळांचं आयसीयू आहे का, एबीजी मशीन तिथेच आहे का, पीएफटी रोज होते का. आणि मुख्य म्हणजे शिकवणाऱ्यांत स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट असलेले किती. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "तू स्वतः किती वेळा व्हेंट लावलंस? की लांबून बघतेस?" तिच्या तोंडावरूनच कळेल. मी अशी डिग्रीधारक मुलं पाहिली आहेत ज्यांनी व्हेंटिलेटर फक्त रबरी फुप्फुसाला जोडलेला पाहिला होता. बिचारी हुशार होती, पण खाटेवरचा पेशंट हाताळायला मिळाला नव्हता.

आता नाशिकचं. इथे एक गैरसमज फार आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकला, दिंडोरी रोडवर म्हसरूळला आहे, म्हणून लोकांना वाटतं त्याचे सगळे कोर्स तिथेच चालतात. तसं नाही. ते राज्यभरातल्या कॉलेजांना संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. त्याचा बीपीएमटी नावाचा पॅरामेडिकल डिग्री कोर्स आहे, त्यात वेगवेगळ्या शाखा आहेत आणि प्रत्येक कॉलेजात प्रत्येक शाखा नसते. त्या त्या वर्षी कुठल्या कॉलेजला कुठली शाखा आणि किती जागा मंजूर आहेत ते विद्यापीठाच्या यादीतच बघा, एजंटच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. फक्त श्वासावरची स्वतंत्र डिग्रीच हवी असेल तर महाराष्ट्राबाहेर जायचीही तयारी ठेवलेली बरी. हा कोर्स दक्षिणेत जास्त रुजलाय. मणिपाल, वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. मुलीला एवढ्या लांब पाठवायचं का हा घरचा निर्णय, त्यात मी पडत नाही. एवढं सांगते की इंटर्नशिप कुठे होणार हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या.

नाशिकमध्ये राहूनच करायचं असेल तर दुसरीही वाट आहे. बीएस्सी नर्सिंग किंवा फिजिओथेरपी करून पुढे क्रिटिकल केअरमध्ये किंवा छातीच्या फिजिओथेरपीत जायचं. आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी आहे, शहरात जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. म्हणजे शिकायला पेशंट कमी नाहीत. पण तिचा जीव खरंच श्वासातच असेल तर ही वाट लांबची आहे आणि मध्ये दुसऱ्याच कामात अडकण्याची शक्यता जास्त. माझ्या मते आधी स्वतंत्र डिग्रीसाठी प्रयत्न करावा, ही वाट दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. सहा महिन्यांत व्हेंटिलेटर टेक्निशियन, वर्षात डिप्लोमा, घरबसल्या ऑनलाइन, अशा जाहिराती बस स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. 2021 साली केंद्राने या सगळ्या व्यवसायांसाठी कायदा केला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, आणि त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्टही आहे. कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचं शिक्षण लागतं आणि हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांचं. त्याखेरीज या कायद्यात येणारे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवू नयेत असं यूजीसीने 2025 मध्ये बजावलंय. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर आज कुणी कामाला ठेवेलही, पण उद्या नोंदणीचा प्रश्न आला की ते सर्टिफिकेट उपयोगाला येणार नाही.

नोकरी लागते. पण जाहिरातीत "रेस्पिरेटरी थेरपिस्ट" असं लिहिलेलं कमी दिसेल. नाशिकमध्ये हीच कामं आयसीयू टेक्निशियन, पीएफटी टेक्निशियन, व्हेंटिलेटर कंपनीचा क्लिनिकल माणूस, स्लीप लॅब, घरी बायपॅप-ऑक्सिजन पुरवणाऱ्या एजन्सी अशा नावांखाली विखुरलेली आहेत. सुरुवातीचा पगार ऐकून तुमचा हिरमोड होईल, आधीच सांगते. दोन-तीन वर्षं चांगल्या आयसीयूत काढली की परिस्थिती बदलते. आखाती देशांत या कामाला मान आणि पैसा दोन्ही आहे. तिथे आधी अनुभव, कागदपत्रांची पडताळणी आणि त्या देशाची लायसन्सची परीक्षा लागते. अमेरिकेचं मात्र वेगळं. तिथल्या नोंदणीच्या परीक्षेला बसायला तिथल्या मंडळाने मान्य केलेला कोर्स लागतो, त्यामुळे इथली डिग्री घेऊन थेट जाता येत नाही. कुणी "यूएस गॅरंटी" म्हणत असेल तर तिथून उठा.

आपल्या भागात हे काम शिकण्यासारखं का आहे तेही सांगते. द्राक्षपट्ट्यात आणि एकूणच शेतीत कीटकनाशकांची विषबाधा होते. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, फुप्फुसात पाणी. असा पेशंट कधी कधी दोन-तीन दिवसांनी बरा वाटत असतानाच मानेचे स्नायू सोडून देतो आणि त्याचा श्वास थकतो. पावसाळ्यात मण्यार चावलेले येतात, जमिनीवर झोपलेले, चावल्याचं कळलेलंही नसतं. पहाटे पापण्या उघडत नाहीत म्हणून आणतात. इथे सॅच्युरेशनच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, तो शेवटपर्यंत चांगला दिसतो. मी त्यांना उशीवरून डोकं उचलायला सांगते आणि एका श्वासात आकडे मोजायला लावते. चांगला माणूस तीसच्या पुढे सहज जातो. हा आधी वीसला थांबत होता आणि अर्ध्या तासाने बाराला अडकतोय, तर ट्यूबची तयारी करायची. आणि एकदा नळी टाकली, अंग लुळं पडलं, की त्याच्यासमोर जपून बोलायचं, कारण तो पूर्ण शुद्धीत असतो, फक्त डोळे उघडता येत नाहीत. "दादा, विष उतरलं की हात हलतील, तोवर मशीन श्वास देतंय" हे प्रत्येक ड्युटीला त्याच्या कानाशी सांगायचं.

गणित तर रोजचं. पेठहून सावळघाट ओलांडून नाशिकला यायला रुग्णवाहिकेला तास-सव्वा तास धरा. बी-टाइप सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 15 लिटर चालू असेल तर 100 मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर 50 मिनिटं, म्हणजे घाटातून वर आल्यावर केव्हातरी संपणार. निघण्याआधी हा भागाकार ज्याने केला नाही त्याने पेशंट हलवू नये. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकमध्येच एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागून दाब पडला आणि वीसहून जास्त पेशंट दगावले, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये नाइटला येणारा प्रत्येक जण हँडओव्हर घेतानाच पाइपलाइनचा दाब, राखीव सिलिंडर आणि प्रत्येक बेडची बॅग बघून सही करतो.

मुलीला दोन प्रश्न तुम्ही नाही, तिच्या आईने विचारावेत. कफाची किळस येते का? दिवसातून कित्येकदा सक्शन करायचं, म्हणजे नळीने कफ ओढून काढायचा असतो, पिवळा, हिरवा, रक्ताचा, आणि त्याचा रंग-घट्टपणा बघून सांगायचं असतं. ती सुरुवातीची किळस बहुतेकांची जाते, काहींची जात नाही, आणि त्यात लाज काही नाही. दुसरं, रात्रपाळी. लग्नानंतर सासरचे काय म्हणतील हा प्रश्न आपल्याकडे येणारच, तो आत्ताच घरात बोलून घेतलेला बरा. पीएफटी आणि स्लीप लॅबमध्ये वेळा बऱ्या असतात, आयसीयूत नाही.

सगळंच काही नळ्या आणि मशीन नाही. सिन्नरकडची बिडी कामगार बाई ओपीडीत येते, दोन वर्षं इनहेलर घेतेय, फरक नाही म्हणते. माझ्यासमोर घ्या म्हटलं तर पंप तोंडात दाबते आणि लगेच श्वास सोडते. औषध सगळं जिभेवर. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, हळू ओढून, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायला शिकवायला पंधरा मिनिटं लागतात. पुढच्या महिन्यात ती जिना चढून येते. या पंधरा मिनिटांना कुठल्याही बिलात वेगळी ओळ नसते, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती कुणी देत नाही. तुमच्या लेकीला ती द्यावीशी वाटली तर ती या कामाला योग्य आहे असं मी समजेन.

फॉर्म भरायला अजून वेळ असेल तर तोवर हिपॅटायटिस बीची लस सुरू करून टाका. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, त्यामुळे वॉर्डात पाय ठेवायच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नसतो. लहानपणी घेतली असेल तर त्याचं कार्ड शोधून ठेवा, कॉलेज मागतंच. टीबीचे पेशंट या कामात रोज येतात, तेव्हा एन-95 मास्क चेहऱ्याला फट न ठेवता कसा बसवायचा हे तिने पहिल्याच आठवड्यात कुणाकडून तरी शिकून घ्यावं.